घोंगडीतली बॅटरी

आमच्या डेअरीवर सकाळी आठला दुधाचा टँकर येतो आणि आठ वाजून दहा मिनिटांनी जातो. ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही. स्वतःच्या सासऱ्यासाठीही थांबायचा नाही. डेअरी म्हणजे पासली गावाच्या खाली रस्त्याकडेला दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी. मी तिथला सेक्रेटरी. नाव ऐकून लोकांना टेबल-खुर्ची दिसते, पण दूध मोजायचं, फॅट काढायचं, चिठ्ठी द्यायची, एवढंच माझं काम. गाव माझं मार्गासनी. मोटारसायकलवर येतो आणि दिवसभर लोकांना अक्कल शिकवून परत जातो. ही खोड मला पहिल्यापासून आहे, आणि हे सगळं त्या खोडीपायीच लिहायला बसलो आहे.

वरच्या माळावर आठ घरांची धनगरवस्ती आहे. डेअरीपासून सात किलोमीटर, मध्ये खिंड. आरती तिथली. नवरा रोहिदास शिरवळला एका कंपनीत कंत्राटी कामाला. महिन्या-दीड महिन्यातून एकदा येतो, घरची मोटारसायकलही त्याच्याकडेच. वस्तीवर आरती, तिची सासू अंबूबाई, मुलगी प्रांजल आणि चार म्हशी. संध्याकाळचं दूध घरात तुपाला, सकाळचं डेअरीला. डोक्यावर कॅन, हातात किटली घेऊन आरती पहाटे निघायची आणि पावणेआठला माझ्यासमोर उभी असायची. सात वर्षांत तिचा टँकर दोनदा चुकला. एकदा खिंडीत दरड आली होती आणि एकदा तिचा बाप गेला होता. दुसऱ्यांदा चुकला तो फक्त दहा मिनिटांनी, म्हणजे बाप गेल्याचा निरोप ऐकून ही बाई आधी दूध घालायला निघाली होती. मी तेव्हा तिला रागावलो होतो. ती म्हणाली होती, नासलं असतं.

बोलणं फार कमी. फॅट कमी लागलं तर बाकीचे मशीनला शिव्या देतात, मला देतात, माझ्या वडिलांपर्यंत जातात. ही चिठ्ठी घडी करून कनवटीला लावायची आणि चालायला लागायची. तोंड उघडायची ते फक्त प्रांजलच्या शाळेसाठी.

वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत, त्यापुढचे तीन वर्ग पासलीत मावशीकडे राहून झाले. मावशी मुलाकडे पुण्याला गेली आणि पोरगी परत वर आली. हायस्कूल आमच्या डेअरीपासून हाकेवर आहे. सकाळी आईबरोबर उतरून येता येतं, प्रश्न संध्याकाळचा. शाळा पाचला सुटते. चढून जायला दोन तास, खिंडीत दोन किलोमीटर नुसतं रान. एसटी वर जात नाही. वसतिगृहात विचारलं तर जागा नाही. वस्तीवरची कुठलीच मुलगी आठवीच्या पुढे गेली नव्हती, ती या संध्याकाळमुळेच. प्रांजल आठवी कशीबशी अर्धी हजेरी लावून पास झाली आणि नववीचं वर्ष सुरू झालं. आरतीनं मला विचारलं, भाऊ, हिला नववी-दहावी करायचीय, काय करता येईल?

मला कुणी विचारलं की मला उत्तर येतंच.

मी सांगितलं, इलेक्ट्रिक स्कूटर घे. पेट्रोलची गाडी तिला जमणारी नव्हती. लायसन लागतं, त्यासाठी खेटे घालायचे, आणि पेट्रोल पंप इथून कुठल्या कुठं. गावात दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घ्यायचं तर त्याचा भाव ऐकूनच गाडी बंद पडते. बॅटरीवरची हळू चालणारी जी स्कूटर असते तिला लायसन लागत नाही, पेट्रोल लागत नाही. शिवाय तिचं गणितही चोख बसत होतं. भरलेले कॅन घेऊन उतरायचं आणि रिकामे कॅन घेऊन चढायचं. सकाळी दूध आणि पोरगी खाली, दुपारी रिकामं येऊन पोरीला वर न्यायचं. मी हे सगळं बिलाच्या पाठीमागं लिहून दाखवलं होतं. आरतीला वाचता येतं, तिनं दोनदा वाचलं.

कामथडीजवळ हायवेला एक शोरूम नवीन उघडलं होतं. मीच तिला घेऊन गेलो. सरकारची सबसिडी असते असं पेपरात वाचून मी तोऱ्यात होतो. तिथल्या पोरानं हसून सांगितलं की सबसिडी त्या काचेजवळच्या मोठ्या गाड्यांना आहे, या मॉडेलला नाही. म्हणजे दीड लाख ज्याच्याकडे आहेत त्याला सरकार मदत करतं. मी तिथं जरा आवाज चढवला, पण आवाजानं किंमत उतरत नाही. सत्तर हजारांना गाडी पडली. त्यासाठी चारातली एक म्हैस विकली, तीही दुभती. अंबूबाई दोन दिवस जेवली नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागलीस, असं सुनेला म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून आली.

दसऱ्याला गाडी भैरवनाथाच्या देवळापुढं उभी केली, नारळ फोडला. पुढचे दोन-अडीच महिने मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलेला प्रकार पाहिला. माझं ऐकून कुणाचं तरी भलं झालं होतं. आरती साडीचा काष्टा मारून, पायाशी कॅन ठेवून, मागं दप्तरासकट पोरगी बसवून साडेसातलाच हजर. गाडीचा आवाज नाही, त्यामुळं म्हाताऱ्यांनी तिला मुकी म्हणायला सुरुवात केली. पोरं म्हणायची, आरतीकाकूची शिलाई मशीन आली. आरती हसायची. तिचे पुढचे दोन दात जरा पुढे आहेत हे मला सात वर्षांनी तेव्हा कळलं.

शोरूमवाल्यानं साठ किलोमीटरची बात केली होती. ते साठ हायवेचे. आमच्या रस्त्याला तीस भरले तरी नशीब. खिंडीच्या चढाला गाडी दमायची, तेव्हा प्रांजल उतरून मागून हात लावायची. तरी दिवसाचे अठ्ठावीस किलोमीटर होत होते. वस्तीवर वीज असून नसल्यासारखी, म्हणून आरती दुपारी तीनला खाली यायची, डेअरीच्या भिंतीतल्या प्लगला बॅटरी लावायची आणि पाचपर्यंत आमची फरशी धुवायची. मी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलंही नव्हतं. आपली वीज घेतो तर हात हलवावा, एवढाच हिशोब. डेअरीची फरशी त्या दिवसांत जेवायला बसावं इतकी लख्ख होती.

ती लख्ख फरशी पाहूनच आमचे अध्यक्ष धनाजीराव यांनी चौकशी केली. सोसायटीच्या मीटरवर खासगी गाडी कशी, उद्या चौघं येतील, परवा दहा. बोलणं नियमाचं होतं, आणि नियमाच्या बोलण्यापुढं माझी अक्कल नेहमी गुडघ्यात जाते. मी म्हणू शकलो असतो की बाई रोज फरशी धुते, तिची मजुरी धरा. दुसऱ्या दिवशी आरती बॅटरी घेऊन आली तेव्हा प्लगवर चिकटपट्टी लावलेली होती. ती मी लावली होती.

तिनं पट्टीकडं पाहिलं आणि बॅटरी परत गाडीत ठेवली. फरशी त्या दिवशीही धुतली. मला इतकी लाज वाटली की काहीतरी कामाचं बोलावं म्हणून मी बोललो. मोबाईलवर कुठंतरी वाचलं होतं की थंडीत बॅटरीची चाल घटते. ते बर्फाच्या मुलखातलं होतं, तेवढं मी वाचलं नव्हतं. मी तिला बजावलं, "आता घरी चार्ज करशील तर वर थंडी फार आहे. बॅटरीला थंडी लागू देऊ नको. जप तिला."

डिसेंबर संपत आला होता. तिनं मान हलवली.

सकाळची फेरी करून आरती म्हशी घेऊन रानात जायची, त्यामुळं दिवसा बॅटरी अंबूबाईच्या ताब्यात. धनगराच्या घरात ज्याला जपायचं त्याच्यावर घोंगडी पडते. बाळंतीण घोंगडीत, वासरू घोंगडीत, तापानं फणफणलेला माणूस घोंगडीत. सुनेनं निरोप सांगितला, बॅटरीला थंडी लागू द्यायची नाही, डेअरीतल्या भाऊंनी सांगितलंय. म्हातारीनं आपली स्वतःची, लग्नातली, जड काळी घोंगडी काढली, बॅटरी आणि चार्जर दोन्ही तिच्यात चार पदरी गुंडाळले, फक्त वायर बाहेर ठेवली आणि शेजारी बसून राहिली. लाइट गेली की बाहेर येऊन खांबाकडं पाहायची. लाइट आली की परत शेजारी. मी एकदा वर गेलो होतो तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. मला कौतुक वाटलं. मी म्हणालो, मावशी, नातवंडासारखी सांभाळता. ती म्हणाली, हिच्यावरच पोरीची शाळा हाय.

तीन आठवड्यांनी आरतीनं मला सांगितलं की गाडीची चाल कमी झाली आहे, खिंडीच्या आधीच लाल दिवा लागतो. मी विचारसुद्धा केला नाही. म्हणालो, थंडी वाढलीय, आणखी जप.

मग अंबूबाईनं घोंगडीवर गोधडी घातली.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी घरात धूर झाला. म्हातारीला आधी चूल विझवायची राहिली की काय असं वाटलं. मग घोंगडीतून फसफस आवाज आला. तिनं वायर उपटली, घोंगडी ओढली, तर बॅटरी पोटफुगी झालेल्या जनावरासारखी फुगलेली आणि चार्जर वितळून लोकरीला चिकटलेला. घर गवतानं शाकारलेलं, गोठ्यात दोन रेडकं बांधलेली. तिनं त्या धगधगत्या बॅटरीला दोन्ही हातांनी उचललं आणि अंगणात नेऊन टाकलं. घर वाचलं, रेडकं वाचली. तळहातांची कातडी बॅटरीला लागून गेली.

पुढचं मी जवळून पाहिलं. वॉरंटी होती, कागद माझ्याकडं होते. दोन दिवसांनी आरती, मी आणि बॅटरी असे कामथडीला गेलो. भोरच्या मन्सूरला मी बरोबर घेतलं होतं. तो माझा जुना दोस्त, तीस वर्षं स्कूटर दुरुस्त करतो, आणि कंपनीच्या पोरांनी फसवू नये म्हणून जाणता माणूस हवा होता. आरतीनं बॅटरी कशात आणली होती? त्याच घोंगडीत. माझ्या मोटारसायकलवर वारं लागेल म्हणून गुंडाळून आणली होती. फुगलेल्या, मेलेल्या बॅटरीसाठीही ती माझा शब्द पाळत होती.

शोरूममधल्या पोरानं घोंगडी उलगडली, वितळलेल्या चार्जरला चिकटलेली लोकर पाहिली आणि विचारलं, हे झाकून चार्ज करत होतात का? आरती म्हणाली, रोज. त्यानं मोबाईलवर चार फोटो काढले. दहा मिनिटांत वरून उत्तर आलं की वापरणाऱ्याची चूक, वॉरंटी बसत नाही. नवी बॅटरी आणि चार्जर मिळून अडतीस हजार. सत्तरच्या गाडीला अडतीसचं काळीज, तेही तीन-चार वर्षांनी पुन्हा घालायचंच. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते असं. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, ग्राहक मंचाची धमकी दिली. पोरगं बिचारं पाणी घ्या म्हणालं.

मन्सूर बॅटरी उलटीपालटी करून पाहत होता. तो सरळ माणूस, त्याला कुणाला टोचायचं नव्हतं. तो आरतीला म्हणाला, "वहिनी, चार्जिंगला लावली की बॅटरी आपसूक तापते. तिला उघडं ठेवायचं असतं, वारा लागला पाहिजे. झाकायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

मी तिथंच होतो, हातभर अंतरावर. आरतीनं माझ्याकडं पाहिलं नाही. घोंगडीची घडी घालत जमिनीकडं बघून ती म्हणाली, "कुणी न्हाई. आमी अडाणी मान्सं, आमचं आमीच झाकलं."

मन्सूर च् च् करत राहिला. मला बोलता आलं असतं. तोंड उघडायचं आणि एक वाक्य म्हणायचं, एवढंच होतं. ज्या तोंडानं मी वाडीवस्तीला शहाणपण वाटत फिरतो, उंटावरून शेळ्या हाकतो, ते तोंड त्या वेळी उघडलं नाही. तिनं असं का म्हटलं, याचा मी बराच विचार केला आहे. पहिल्यांदा वाटलं, मोठं मन. मग लक्षात आलं की तिचं दूध उद्याही माझ्याच मापात पडणार होतं. टँकर आठला येतो आणि चिठ्ठी मी लिहितो. मला खोटं पाडून तिला कुठं जाता येणार होतं? यातलं खरं काय, ते मी तिला विचारलेलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

रोहिदास आला, गाडीभोवती दोनदा फिरला आणि परत गेला. अडतीस हजार म्हणजे आणखी एक म्हैस, आणि तिनाच्या दोन झाल्या तर गाडीवर न्यायला दूधच उरत नाही. गाडी विकायला काढली तर बिनबॅटरीची कुणी घेईना. ती अंगणात शेवरीच्या झाडाखाली उभी आहे, सीटवर कोंबड्या बसतात.

प्रांजल फेब्रुवारीत तीन आठवडे चालत आली-गेली. सकाळी आईबरोबर उतरायची, पाचला एकटी निघायची. मी दोनदा खिंडीपर्यंत मोटारसायकलनं सोडलं. रोज सोडणं मला जमलं असतं का? जमलं असतं. संध्याकाळी दुधाचं संकलन असतं, मग घरी जायला उशीर होतो, बायको बोलते. कारणं माझ्याकडं कधीच कमी नव्हती. तेवढ्यात बिबट्यानं खिंडीत शेजारच्या वस्तीवरचं रेडकू मारलं आणि आरतीनं पोरीला घरी ठेवलं. परीक्षेपुरती ती खाली आली आणि नववी पास झाली, चांगल्या मार्कांनी. शाळेचे सर दोनदा माझ्याकडं येऊन गेले की दहावीचं वर्ष आहे, काहीतरी करा. सगळ्यांना वाटतं माझ्याकडं उत्तर असतं.

जूनपासून डेअरीला दूध प्रांजल आणते. आरतीचा गुडघा धरला आहे. पोरगी आठच्या आत दूध घालते आणि शाळेची घंटा व्हायच्या आत रिकामे कॅन घेऊन वर निघते, म्हणजे उजेडात घरी पोचते. शाळेवरूनच जायचा रस्ता आहे.

अंबूबाई मे महिन्यात एकदा खाली आली होती, हाताची पट्टी बदलायला. तिच्या डाव्या हाताची बोटं आता पुरती मिटत नाहीत. पडवीत टेकली आणि मला म्हणाली, "तुमी शिकल्यालं हायसा, खरं सांगा. माज्यापायीच पोरीची शाळा गेली नव्हं? ती माज्यासंगं बोलंना झालीया."

मी म्हणालो, मावशी, कंपनीचा माल खराब होता, तुमची काही चूक नाही. हे निम्मं खरं असेल. बाकीचं निम्मं मी स्वतः होतो. म्हातारी मान हलवत राहिली आणि म्हणाली, माल कसा खराब असंल, म्याच जास्तीची गोधडी घातली.

आता गेल्या आठवड्यातलं सांगतो. धनाजीरावांचा मुलगा पुण्याहून नवी गाडी घेऊन आला. चारचाकी, बॅटरीवरची, पांढरीशुभ्र. गावातली निम्मी माणसं बघायला. परत जायला बॅटरी पुरावी म्हणून ती डेअरीच्या पडवीत लावली, आणि अध्यक्षांनी मला हाक मारून सांगितलं की जरा प्लग मोकळा करा. चिकटपट्टी पावसाळ्यानं घट्ट बसली होती. मी नखानं खरवडून काढली. नियमाचं काय, असं कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

संततधार चालू होती. पावणेआठला प्रांजल आली. डोक्यावरून घोंगडीची खोळ, तीच काळी घोंगडी. जळलेल्या जागी आरतीनं पोत्याचा तुकडा शिवला आहे, तो बरोबर पोरीच्या पाठीवर येतो. कॅन खाली ठेवून ती गाडीकडं पाहत राहिली. धनाजीरावांच्या मुलानं पडवीतली गळती चुकवायला गाडीच्या नाकावर, वायर जिथं लागते तिथं, एक ताडपत्री टाकली होती.

तिची पाळी आली तेव्हा ती माझ्या जवळ आली आणि मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "काका, त्यास्नी सांगा, झाकू नगा म्हनावं. तापती ती. आमच्या आजीला कुणी सांगितलंच न्हवतं."

मी सांगतो म्हणालो. तिनं कॅन उचलून दिला, मी दूध मापात ओतलं आणि चिठ्ठी लिहिली. फॅट सहा पॉइंट आठ. तिनं ती आईसारखीच घडी घातली आणि रिकामे कॅन घेऊन पावसात वर निघाली.